जाहिरातीत न दिसणारा गट नंबर

मेहकरसारख्या तालुक्याच्या गावातली प्लॉटची जाहिरात आज मोबाइलवर उघडली, तर तिच्यात जवळजवळ सगळे असते. ड्रोनने वरून घेतलेले चित्रण असते, मुरूम टाकलेले रस्ते आणि चुन्याच्या पांढऱ्या रेषा असतात, ‘समृद्धी इंटरचेंजपासून काही मिनिटांवर’ हे वाक्य असते, ‘एनए’, ‘क्लिअर टायटल’, ‘बँक लोन उपलब्ध’ ही ठरलेली अक्षरे असतात, मागे गाणे वाजत असते आणि शेवटी दोन मोबाइल नंबर येतात. नसतो तो जमिनीचा गट नंबर. ज्या एका आकड्यावरून सातबारा निघतो, मालक कळतो, कर्जाचा बोजा कळतो, तो आकडा बहुतेक रील्समध्ये आणि स्टेटसमध्ये सापडत नाही. जमीन-घरांचे एजंट इंटरनेटचा आणि समाजमाध्यमांचा वापर कसा करतात, हा प्रश्न या गाळलेल्या आकड्यापासून तपासायला घेतला, तर धंद्याची सगळी घडण उलगडत जाते.

बुलढाणा जिल्ह्यातले, पैनगंगेच्या काठचे मेहकर हे शारंगधर बालाजीचे गाव. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४५ हजारांच्या आसपास होती. गावाला रेल्वे नाही. त्यामुळे जमिनीचा भाव कायम रस्त्याच्या हिशेबाने ठरत आला, आणि रस्ता म्हणून समृद्धी महामार्ग आला तेव्हा हा हिशेबच बदलला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. मेहकर तालुक्यात फर्दापूरजवळ त्यावर चढ-उतार करण्याची जागा आहे. महामार्गालगत नवनगरे वसवण्याच्या आराखड्यात याच तालुक्यातल्या साब्रा-काब्राचे आणि शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यातल्या सावरगाव माळचे नाव आले. जमिनी थेट खरेदीने घेतल्या गेल्या, मोबदल्याची रक्कम शेतकऱ्यांच्या खात्यात पडली, आणि त्यातला काही पैसा पुन्हा जमिनीकडेच वळला. एजंटांच्या मोबाइलवरची गर्दी या पैशामागून आली.

त्याआधीही हा धंदा होताच. तहसील कचेरीच्या आवारात, दस्तलेखकाच्या टेबलाशी, चहाच्या हॉटेलात बसणारा दलाल कुणाची भाऊबंदकी मिटलेली नाही, कुठल्या बहिणीची सही बाकी आहे, कुठल्या बांधावरून वहिवाटीचा वाद चालू आहे, हे तोंडपाठ सांगायचा. ‘पार्टी’ला तो स्वतः मोटारसायकलवर बसवून जागा दाखवायला न्यायचा. इसार ठरायचा, इसारपावती व्हायची, आणि दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत झाल्यावर दोन्ही बाजूंकडून दलाली मिळायची. जाहिरात करायचीच झाली तर दैनिकातली छोटी जाहिरात किंवा चौकातला फ्लेक्स. दलालाचे खरे भांडवल होते त्याच्याकडची माहिती, आणि ती तो जपून वापरायचा. कोणती जागा विकायची आहे हे सर्वांना कळले, तर त्याचे काम संपले.

देशात या धंद्याचे इंटरनेटवरचे पहिले पर्व मोठ्या शहरांसाठी होते. ९९एकर्स २००५ मध्ये आले, मॅजिकब्रिक्स २००६ मध्ये. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी हाउसिंग डॉट कॉम सुरू केले, आणि २०१४ मध्ये बंगळुरूत नोब्रोकर उभे राहिले. त्याच्या नावातच मध्यस्थ नको असा दावा होता. या सगळ्या संकेतस्थळांची रचना फ्लॅटभोवती आहे. किती बीएचके, कितवा मजला, पार्किंग आहे का, भाडे किती, अशा चाळण्या लावून शोध घेता येतो. पुण्याच्या वाकड-वाघोलीत हे चालते. डोणगाव किंवा जानेफळच्या शिवारातली दीड एकर जमीन या चाळणीत बसत नाही. तिचा पत्ता म्हणजे गट नंबर, चतुःसीमा आणि ‘अमक्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला’ ही खूण.

तालुक्याच्या गावांनी म्हणून हे पर्व जवळजवळ ओलांडूनच पुढे उडी घेतली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०१८ च्या सुरुवातीला व्हॉट्सॲप बिझनेस भारतात आले. दुकानाची वेळ, पत्ता आणि मालाची यादी फोनमध्येच लावता येऊ लागली. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले. ज्या एजंटाने कधी संकेतस्थळ बनवले नाही, ज्याचे ऑफिस म्हणजे शटरचा एक गाळा, त्याच्या हातात चार वर्षांत पुण्याच्या बिल्डरकडे असतात तीच साधने आली. ही या सगळ्यातली खरोखर चांगली गोष्ट आहे. जाहिरात एजन्सी, छापखाना आणि वृत्तपत्राचा जागेचा दर यांच्यामुळे जो दाराबाहेर होता, तो आत आला.

आता रोजचे काम कसे चालते? सकाळी स्टेटस बदलायचा. खरेदी-विक्रीच्या गटांमध्ये फोटो टाकायचे, आणि व्हॉट्सॲपच्या एका गटात आता १,०२४ सदस्य बसतात. ब्रॉडकास्ट यादीतून निवडक गिऱ्हाइकांना पाठवायचे, पण त्यात एक मेख आहे: ज्याने एजंटाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच तो संदेश मिळतो. म्हणून प्रत्येक भेटीत ‘माझा नंबर सेव्ह करा’ ही विनंती असते. सणाच्या, जयंतीच्या शुभेच्छांचे बॅनर याच कारणासाठी फिरतात, कारण नाव आणि चेहरा डोळ्यांसमोर राहायला हवा. फेसबुकवर थोडे पैसे भरून जाहिरात चालवली तर ती कुठल्या शहरात आणि कोणत्या वयाच्या लोकांना दिसावी हे ठरवता येते, आणि बटण दाबणारा थेट व्हॉट्सॲपवर येऊन बोलू लागतो. अशा चौकशीला धंद्यात ‘लीड’ म्हणतात. गूगलच्या नकाशावर ऑफिसची खूण लावणे आणि जुन्या गिऱ्हाइकांकडून तिथे चार चांगले शब्द लिहून घेणे, हे कमी खर्चाचे आणि टिकाऊ काम मात्र अनेक जण करत नाहीत.

या जाहिरातीचा खरा श्रोता गावात नसतोच. तो चाकण, रांजणगाव, हिंजवडी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला नोकरीला असतो. गावाकडे एक प्लॉट असावा, आई-वडिलांसाठी दोन खोल्या बांधाव्यात, ही त्याची इच्छा. सुटी दिवाळीला आणि लग्नसराईला. पूर्वी अशा माणसाला जागा भाऊ किंवा मेहुणा बघून द्यायचा. आता रात्री जेवण झाल्यावर तो व्हिडिओ कॉलवर जागा बघतो, लोकेशन मागवतो, नकाशावर उपग्रहाचे चित्र मोठे करून शेजारी नाला आहे का ते पाहतो. एजंटाच्या दृष्टीने हे मोठे बळ आहे. दहा पार्ट्यांना जागेवर न्यायचे पेट्रोल वाचते, आणि ज्याला खरोखर घ्यायचे आहे तोच दिवाळीला येतो. उलट दिशेचीही वाहतूक आहे. पुण्याच्या परिसरातल्या ‘हप्त्याने प्लॉट’च्या जाहिराती विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांच्या फोनवर पोचतात, आणि मुलगा पुण्यात शिकायला आहे या एका कारणावर सौदे होतात.

गट नंबर न देण्याचे कारण या रोजच्या कामातच आहे. नंबर दिला की घेणारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढतो, मालकाचे नाव वाचतो, आणि गाव लहान असल्याने दोन फोनमध्ये मालकापर्यंत पोचतो. एजंटाची दलाली बुडते. शेजारचा एजंट तोच नंबर घेऊन तीच जागा आपल्या स्टेटसवर लावतो. एजंट आणि मालक यांच्यात लेखी काही नसते. मालक एकाच वेळी पाच जणांना ‘बघा गिऱ्हाईक’ म्हणून सांगून ठेवतो. परिणामी एकच प्लॉट पाच स्टेटसवर पाच भावांनी दिसतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की बाजारात भरपूर माल आहे, प्रत्यक्षात जागा एकच असते. ही लपवाछपवी अप्रामाणिकपणातून येते असे सरसकट म्हणता येणार नाही. ज्याच्या श्रमाला लेखी संरक्षण नाही, तो आपली माहिती झाकूनच ठेवणार.

कायद्याने या जाहिरातींकडे लक्ष दिले ते प्रकल्पांच्या बाजूने. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि महाराष्ट्रात त्याचे नियामक प्राधिकरण, महारेरा, उभे राहिले. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरहून मोठ्या, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांहून जास्त जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे, तर आधी नोंदणी लागते आणि तोवर जाहिरातही करता येत नाही. कायद्यातली जाहिरातीची व्याख्या माध्यम पाहत नाही, त्यामुळे रील आणि स्टेटस दोन्ही तिच्यात येतात. अशा प्रकल्पात विक्री करून देणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी हवी, आणि नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री त्याने करायची नाही. चुकला तर दिवसाला १० हजार रुपये दंड, तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला मिळायला हवी ती सगळी माहिती आणि कागदपत्रे मिळवून देणे हे एजंटाचे कर्तव्य म्हणून कलम १० मध्ये लिहिले आहे. हे कलम फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक असते.

महारेराने पुढे दोन महत्त्वाची पावले टाकली. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक झाला. तो स्कॅन केला की मंजूर नकाशा, जमिनीवरचा बोजा, चालू दावे आणि कामाची प्रगती दाखवणारे पान उघडते. दुसरे पाऊल एजंटांच्या शिक्षणाचे. जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची करण्याचा निर्णय झाला, मे २०२३ मध्ये पहिली परीक्षा झाली, आणि प्रमाणपत्र नसलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली गेली. जाहिरातींवर नजर ठेवण्यासाठी महारेराने भारतीय जाहिरात मानक परिषदेशी करार केला. सप्टेंबर २०२४ पर्यंत नोंदणी क्रमांक किंवा क्यूआर कोड नसलेल्या जाहिरातींबद्दल ६२८ प्रकल्पांना मिळून सुमारे ८९ लाख रुपये दंड झाला होता. त्यांत मुंबई विभागातले ३१२, पुण्यातले २५० आणि नागपुरातले ६६. परिषदेच्या २०२४-२५ च्या अहवालात नियमभंग करणाऱ्या जाहिरातींपैकी जवळजवळ एक चतुर्थांश स्थावर मालमत्तेच्या निघाल्या. सट्टेबाजीच्या जाहिरातींच्या खालोखाल हा क्रमांक लागतो.

मेहकरच्या बाजाराला मात्र ही चौकट अर्धीच लागू पडते. जुने घर, एका माणसाने दुसऱ्याला विकलेला एकटा प्लॉट, शेतजमीन, हे व्यवहार महारेराच्या कक्षेबाहेर आहेत, आणि फक्त तेवढेच काम करणाऱ्या एजंटाला नोंदणीची गरज नाही. तालुक्यात तर हेच व्यवहार जास्त. त्यांच्यावर दुसरे, जुने कायदे लागू होतात, आणि रील त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे. त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेण्यावर निर्बंध आहेत. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याखालचे प्रमाण क्षेत्र, म्हणजे विकता येणारा लहानात लहान तुकडा, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरवले गेले. म्हणजे बिनशेती न केलेल्या जिरायत शेतातले ‘फार्महाउससाठी दोन गुंठे’ ही जाहिरात पाहणाऱ्याने लगेच थांबायला हवे. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी नागरी भागात तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा विधिमंडळात केली. अशा घोषणेची बातमी जोडून ‘आता कायदाच राहिला नाही’ असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विसंबण्याआधी, आपला गट त्या सवलतीत बसतो का, हे तहसील कार्यालयात विचारणे भाग आहे.

‘समृद्धी टच’ या शब्दांवर तर थोडे थांबायलाच हवे, कारण मेहकर-सिंदखेडराजा पट्ट्यात तेच सर्वांत जास्त भाव खातात. समृद्धी हा प्रवेश-नियंत्रित महामार्ग आहे. त्याच्या दोन्ही अंगांना कुंपण आहे आणि इंटरचेंज सोडून कुठूनही त्यावर चढता येत नाही. जुन्या राज्य महामार्गाच्या कडेचा प्लॉट म्हणजे ढाबा, गॅरेज, दुकान काढायची सोय. समृद्धीच्या कुंपणाला लागून असलेल्या प्लॉटला यातले काहीच मिळत नाही, मिळतो तो गाड्यांचा आवाज. त्या जागेचे महत्त्व इंटरचेंजपर्यंतच्या साध्या रस्त्यावर ठरते. तो रस्ता डांबरी आहे की पांदण, पावसाळ्यात चालू राहतो की नाही, आणि प्लॉटपर्यंतचा शेवटचा तुकडा नकाशावर रस्ता म्हणून आहे की शेजाऱ्याच्या शेतातून, हे पाहावे लागते. वरून उडणारा ड्रोन महामार्ग आणि प्लॉट एकाच चौकटीत दाखवतो आणि पाहणाऱ्याच्या मनात दोन्ही जोडले जातात. ड्रोनचे चित्रण खोटे नसते, पण त्यातून निघणारा अर्थ चुकीचा असू शकतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या जाहिरातींबद्दल एकच सुधारणा मागायची झाली, तर इंटरचेंजपर्यंतचे अंतर मिनिटांत न सांगता किलोमीटरमध्ये आणि प्रत्यक्ष रस्त्याने सांगावे, ही मागावी.

उघड फसवणुकीचे प्रकार देशभर सारखेच आहेत. दुसऱ्याच्या घराचे फोटो उचलून कमी भाड्याची जाहिरात करायची आणि आगाऊ रक्कम मागायची. सैन्यात असल्याची बतावणी करून ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणायचे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर यातला दुसरा प्रकार तिथेच संपतो. पहिल्या प्रकारावर उपाय जुनाच आहे: जागा आणि मालक दोन्ही प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय टोकन द्यायचे नाही.

महारेराच्या कक्षेतल्या प्रकल्पात जाहिरातीवर विश्वास ठेवून नुकसान झाले, तर कलम १२ खाली भरपाई मागता येते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह रक्कम परत मागता येते. पण त्यासाठी जाहिरात हाताशी असावी लागते. स्टेटस २४ तासांत जातो, रील काढून टाकता येते. म्हणून पैसे देण्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हिडिओ आणि एजंटाबरोबरचे संभाषण जपून ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे, त्यामुळे मूळ फोनही सांभाळलेला बरा.

घेणाऱ्याच्या फोनमध्ये तपासणीची साधने आज जेवढी आहेत तेवढी कधीच नव्हती. महाभूलेखवर सातबारा, महाभूनकाशावर गटाचा आकार, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन आणि त्या भागाचा वार्षिक मूल्यदर. सातबाऱ्यात नाव पाहून थांबणारे पुष्कळ. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचे कर्ज, वारसांचे हक्क, कुळाची नोंद असते, आणि ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. हे सगळे घरबसल्या वाचता येते, फक्त गट नंबर हवा.

इथे अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. तिथे विक्रीला निघालेल्या घरांची एजंटांची सामाईक यादी असते. घर कुठले आहे हे लपवावे लागत नाही, कारण दलाली लेखी ठरलेली असते. त्या दलालीच्या पद्धतीवरूनच तिथे मोठा खटला झाला आणि एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने मार्च २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून घर पाहायला नेण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करणे तिथल्या एजंटांना आवश्यक झाले. त्यांची सगळी व्यवस्था इथे आणायची गरज नाही. पण मालकाने तीन महिन्यांसाठी एकाच एजंटाला लेखी अधिकार द्यायचा, टक्केवारी आणि मुदत त्यात लिहायची, आणि मग एजंटाने उघडपणे गट नंबर जाहिरातीत टाकायचा, एवढे मेहकरच्या एका दस्तलेखकाच्या टेबलावर आजही होऊ शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. काही ठिकाणी एजंट असे कागद करून घेऊ लागले, तर पाच स्टेटसवरचे पाच भाव आपोआप कमी होतील.

सरकारकडून लागणारी गोष्टही जवळजवळ तयार आहे. महाराष्ट्रात प्रत्येक सातबाऱ्याला आता ११ अंकी भू-आधार क्रमांक मिळाला आहे आणि सातबाऱ्यावर क्यूआर कोड छापला जातो. प्रकल्पांच्या जाहिरातीत महारेराचा कोड सक्तीचा आहे, तसाच जमिनीच्या प्रत्येक जाहिरातीत, मग ती एका गुंठ्याची असो की दहा एकरांची, भू-आधार क्रमांक देणे बंधनकारक करता येईल. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जमिनीची पैसे भरलेली जाहिरात स्वीकारतानाच हा क्रमांक मागता येईल. महसूल खात्याने आणि महारेराने मिळून याचा विचार करावा, आणि पहिला प्रयोग समृद्धीच्या इंटरचेंजांभोवतीच्या तालुक्यांत करावा. जमीन तिथेच सर्वांत वेगाने हात बदलते आहे, आणि चाकणच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून आलेला माणूस तीच रील रात्री अकरा वाजता पाहतो आहे.